गोजरीची पोथी

छापखाने नव्हते, पोथ्या हाताने लिहीत, त्या काळातली ही गोष्ट. एका राज्यात बायकांच्या पोथ्यांना राजाच्या ग्रंथालयात जागा नव्हती. त्याच ग्रंथालयाच्या कारभाऱ्याची मुलगी हंसा मात्र लिहायची. उडत्या बेटांच्या, बोलणाऱ्या नद्यांच्या तिच्या गोष्टी वडील ‘विश्वंभर’ या नावाने दरबारात नेत. विश्वंभर डोंगरात राहतो, कुणाला भेटत नाही, असं ते सांगत. राजा त्या गोष्टींवर खूश होता.

एके दिवशी रंगाऱ्याची मुलगी गोजरी पोथी घेऊन थेट दरबारात आली. ताऱ्यांकडे निघालेलं जहाज आणि ते चालवणाऱ्या सातजणी, अशी तिची गोष्ट होती.

दरबारी हसले. “हे बाईचं काम नाही. कुणाची तरी चोरली असणार.”

“विश्वंभरांना वाचू द्या,” गोजरी म्हणाली. “त्यांचं वाचूनच मी लिहायला लागले. त्यांना कळेल.”

पोथी हंसाकडे आली. तिने ती एका बैठकीत वाचून काढली. असं आपल्यालाही कधी सुचलं नव्हतं, हे तिला कळलं.

“अभिप्राय काय लिहू?” तिने वडिलांना विचारलं.

“तू ठरव. पण बाई असं लिहू शकते म्हटलंस, तर उद्या विश्वंभराचीही चौकशी होईल.”

हंसा कितीतरी वेळ बोरू हातात धरून बसली. मग तिने लिहिलं, ‘ही पोथी बाईची नसावी.’

भर दरबारात गोजरीची पोथी चोरीची ठरवून फाडली गेली. ती निघून गेली.

बारा वर्षांनी गादीवर राणी आली आणि तिने जुना नियम मोडीत काढला. हंसाने आपलं खरं नाव सांगितलं, तेव्हा लोकांनी तिला पालखीतून मिरवलं. मिरवणूक संपताच ती पायीच रंगाऱ्यांच्या आळीत गेली. गोजरी लुगडी वाळत घालत होती.

“विश्वंभर मीच,” हंसा म्हणाली. “तो अभिप्राय मी भीतीने खोटा लिहिला. तुझी गोष्ट माझ्या सगळ्या गोष्टींहून सरस होती. पुन्हा लिहिशील?”

गोजरीने हातातलं लुगडं खाली ठेवलं. “तुम्ही बाई होतात?”

“हो.”

“एवढं तेव्हा कळलं असतं, तरी मी दहा पोथ्या लिहिल्या असत्या. आता कधी बसलेच लिहायला, तर डोळ्यांपुढे काही येत नाही, ताई.”



तात्पर्य एवढंच: आपल्याच वाटेने येणाऱ्याला भीतीपोटी माघारी धाडलं, तर पुढे माफी मागता येते, त्याच्या हातून जे घडायचं राहिलं, ते मात्र परत देता येत नाही.