पिकलेल्या उंबराची परीक्षा

एका डोंगरातल्या दाट जंगलात एक धनेश पक्षीण राहत असे. ती लग्नाची झाली, तशी तिची आत्या कामाला लागली. आत्याच्या अटी ठरलेल्या होत्या. मुलगा आपल्याच डोंगरावरचा हवा, त्याच्या घरचे झाड उंच हवे आणि चोच कशी पिवळीधमक हवी. मुलांनो, धनेशांची रीत मोठी वेगळी बरे का. अंडी घालायची वेळ आली की मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि दार लिंपून घेते. चोच बाहेर काढण्यापुरती फट तेवढी उरते. मग नर आणून भरवेल तेच आतल्यांनी खायचे. आता अशा वेळी त्या बिचारीला चोचीचा रंग काय कामाचा? पण आत्याला हे सांगणार कोण!

पहिले स्थळ आले ते अगदी आत्याच्या मनासारखे. पक्षिणीने पाहुण्यासमोर एक पिकलेले उंबर ठेवले. "पलीकडच्या आंब्यावर आई बसली आहे. तिला एवढं नेऊन द्याल का?" पाहुणा ऐटीत उडाला आणि लगेच परतला. "फारच गोड होतं," तो म्हणाला. उंबर वाटेतच त्याच्या पोटात गेले होते. "तरुण आहे, भूक लागायचीच," आत्याने त्याची बाजू घेतली.

दुसरा आला तो नदीपलीकडचा, चोचीचा टवका उडालेला. आत्याने मानच फिरवली. पक्षिणीने त्यालाही आईसाठी उंबर दिले. तो गेला तो बराच वेळ आला नाही. "उशीर झाला," परतल्यावर तो म्हणाला. "आई दुसऱ्या झाडावर गेल्या होत्या, शोधावं लागलं."

"मग भूक नाही लागली?" पक्षिणीने विचारले.

"लागली होती. पण उंबर त्यांचं होतं."

पक्षिणीने त्यालाच होकार दिला आणि आत्या रुसून बसली. पुढे पक्षीण ढोलीत गेली, पिल्ले झाली आणि नेमका वादळी वारा आणि पाऊस सुरू झाला. भाची उपाशी असणार, या काळजीने आत्या धडपडत तिथे पोहोचली. पाहते तर जावई ओलाचिंब होऊन फटीतून एकेक फळ आत देत होता. तो पार रोडावला होता, आतली पिल्ले मात्र पोटभर खाऊन ओरडत होती. आत्याला भरून आले. "जावईबापू," ती म्हणाली, "तुम्ही आधी दोन घास खाऊन घ्या. तोवर मी भरवते." दुसऱ्या दिवसापासून मात्र, हे स्थळ आपणच शोधले, असे ती सगळ्या जंगलाला सांगत सुटली.

तात्पर्य : ज्याच्या भरवशावर निर्धास्तपणे दार लावून घेता येईल, तोच खरा जोडीदार; घराणे आणि रूप त्यानंतर पाहावे.