भुऱ्या अडला ती वाट

फार जुन्या काळी एका राजाने वाळवंटाचा मोठा तुकडा पशुपक्ष्यांसाठी राखून ठेवला होता. तो पाहायला लांबून प्रवासी येत, आणि भुऱ्या नावाचा म्हातारा उंट त्यांना गाड्यातून फिरवून आणी.

एका सकाळी त्याला चाकोरीत वाळूच्याच रंगाची माळढोक पक्षीण बसलेली दिसली. तिच्या पोटाखाली एकच अंडं होतं.

"दादा, जरा बाजूने जाल का?" ती म्हणाली.

दोन्हीकडे वाळूचे उंच ढीग होते. "बाजूने जागा नाही, बाई," भुऱ्या म्हणाला. "पण मला थांबता येईल."

तो पाय रोवून उभा राहिला. गाडीवान मेघारामला पक्षीण दिसलीच नाही. त्याने चाबूक ओढला, पुन्हा ओढला. भुऱ्या हलला नाही. शेवटी प्रवासी कुरकुरत उतरले आणि थोडं मागे असलेल्या एका झाडाच्या सावलीत बसले. हळूहळू बोलणी विरली. मग वाळूच्या लाटांवरून हरणं तरंगत आल्यासारखी आली, आणि एक कोल्हीण पिल्लांना घेऊन अगदी जवळून गेली. कुणी श्वासही मोठ्याने घेतला नाही.

ऊन कलल्यावर सगळ्यांनी मिळून गाडा मागे फिरवला.

"उंट आळशी निघाला, म्हणून एवढं पाहायला मिळालं," मेघाराम म्हणाला, आणि सगळे हसले.

भुऱ्याच्या पाठीवरचे वळ चुरचुरत होते. उद्याही याच वाटेने फेरी होती, आणि अंडं फुटायला अजून पंधरा दिवस होते.