कोंडाबाईने न वाजवलेला थाळा

आज छोटीच गोष्ट सांगेन हं. दिवसभर पापड लाटून माझे हात भरून आलेत. वेदू, पाय आत घे. आता ऐका.

एकदा काय झालं, एका राज्यावर दोन सूर्य होते. एक थोरला, एक धाकटा. थोरला मावळला की धाकटा उगवायचा, धाकटा मावळला की थोरला. म्हणजे तिथे रात्रच नाही. मजा वाटतेय ना तुम्हाला? कसली मजा! राजाच्या पणजोबांनी नियम करून ठेवला होता, उजेड आहे तोवर काम करायचं. ते पणजोबा आले होते आपल्यासारख्याच, रात्र होणाऱ्या मुलखातून. त्यांना वाटलं, अंधार पडला की थांबतील लोक. पण अंधार पडतोय कुठला? आणि मोठ्यांचा नियम मोडणार कोण? मग लोक आपले राबतायत, राबतायत. नांगर धरल्या धरल्या डुलक्या घ्यायचे. बैलसुद्धा चालता चालता पेंगायचे, बरं का. राजाचेही डोळे कायम तांबडे.

त्या राज्यात कोंडाबाई नावाची म्हातारी होती. तिच्या घरी एक मोठा पितळी थाळा होता. तो कशाला? तर पुष्कळ वर्षांनी एकदा, थोरला मावळलेला असताना धाकट्याला ग्रहण लागायचं. सगळीकडे काळोख. मग सूर्य सुटावा म्हणून सगळ्यांनी भांडी बडवायची. पण पहिला ठोका कोंडाबाईच्या थाळ्याचा. तो पडल्याशिवाय कुणी पळीसुद्धा वाजवायची नाही, अशी रीत होती.

कोंडाबाईला एक नात होती, तुळसा, दीड वर्षांची. तिची आई राजाच्या शेतात कापणीला, म्हणून पोर आजीकडे. तिला ताप भरला. आठ दिवस झाले, डोळ्याला डोळा लागेना. वैद्यबुवा म्हणाले, "कोंडाबाई, औषधं देऊन झाली. एक गाढ झोप लागली तर वाचेल ही. नाहीतर माझ्या हातात काही नाही."

मग कोंडाबाईने दाराखिडक्यांना घोंगड्या लावल्या. विणीतून ऊन आत आलं. मग तिने पोरीला बाजेखाली घेतलं. तिथेही उजेड पोचला. मग ती धान्याच्या पेवात उतरली, पार जमिनीखाली. तिथे काळोख होता, पण पोर गुदमरून जास्तच रडायला लागली. कोंडाबाई वर आली, ओट्यावर बसली आणि रडली. इतकी दमली होती ना ती बाई, की डोळे पुसायला हात उचलवेना.

आणि तेवढ्यात ग्रहण लागलं. बघता बघता काळोख झाला. तुळसाचं रडणं हळूहळू थांबलं. एक जांभई दिली आणि झोपली की पोर!

मग शिपाई धावत आला. "आजी, थाळा वाजवा! सूर्य गेला!"

"हळू बोल बाबा. लेकरू झोपलंय."

शिपाई भिंतीला टेकला आणि उभ्या उभ्या घोरायला लागला.

मग प्रधान आला. "कोंडाबाई, वाजवा, नाहीतर मान उडवीन!"

"उडवा," ती म्हणाली, "पण आवाज न करता."

विचार करायला म्हणून प्रधान पायरीवर बसला, आणि तोही झोपला.

मग स्वतः राजा आला. "कोंडाबाई, सूर्य सुटलाच नाही तर? माझ्या माणसांचं काय होईल?"

"मलाही भीती वाटते महाराज," कोंडाबाई म्हणाली. "फार वाटते. पण ही उठली तर पुन्हा झोपणार नाही."

राजाने स्वतःच थाळ्याजवळची लाकडी मोगरी उचलली. हात वर नेला. आणि त्याला तुळसा दिसली, तोंड उघडं, मुठी सैल. अशी झोप त्याने जन्मात पाहिली नव्हती, स्वतःला लागणं तर दूरच. त्याला स्वतःचीच कीव आली. हात खाली आला. राजा तिथेच जमिनीवर आडवा झाला.

पहिला ठोका पडलाच नाही. लोक हातात भांडी धरून वाट बघत बसले, आणि बसल्या जागी सगळं राज्य झोपलं. जागी एकटी कोंडाबाई. पोरीच्या कपाळावर हात ठेवून बसलेली. बऱ्याच वेळाने कपाळाला घाम फुटला. ताप उतरला.

मग धाकटा सूर्य आपला आपण सुटला. तुळसा उठली आणि म्हणाली, "भूक." राजा डोळे चोळत उठला. "कुणी वाजवलं?"

"कुणीच नाही महाराज."

राजाने आपोआप सुटलेल्या सूर्याकडे पाहिलं. मग त्याने दवंडी पिटवली, थोरला मावळला की दारं लावा, कामं ठेवा, निजा. आणि कोंडाबाईला म्हणाला, "तुम्ही आधी."

कोंडाबाई बाजेवर पडली. पण दारातून ऊन थेट तिच्या तोंडावर येत होतं. मग राजाने खांद्यावरचा शेला काढला, दोन्ही हातांनी दारात धरला, आणि म्हातारीची झोप पुरी होईपर्यंत उभा राहिला. हात भरून आले तरी हलला नाही.

पुढे ती माणसं सुखाने जगली, पोटभर निजली. झाली गोष्ट. वेदू, डोळे मिट. मीही मिटते.