अकरा माणसे आणि डबीभर विरजण

एकदा एक भांड्यांचा व्यापारी आपल्या वृद्ध गुरूंकडे सल्ला मागायला गेला. लहानपणी तो त्यांच्याच पाठशाळेत शिकला होता. पुढे संसारात आणि दुकानात गुरफटला, तरी वर्षातून एकदोनदा नदीकाठच्या त्या पाठशाळेची पायरी चढल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. या खेपेला मात्र तो नुसता नमस्कारापुरता आला नव्हता. त्याच्या काखेत एक जाडजूड वही होती आणि चेहरा पार उतरलेला होता.

तालुक्याच्या गावातला त्याचा धंदा बसत चालला होता. मोठा रस्ता गावाबाहेरून गेला आणि गिऱ्हाईकही त्याच रस्त्याने परस्पर पुढे जाऊ लागले. तेव्हा दोन तासांवरच्या शहरात त्याने नवे दुकान घेतले. दोघा धाकट्या भावांनाही तिथेच काम मिळाले. आता सगळे बिऱ्हाड शहराच्या एखाद्या उपनगरात हलवायचे होते, आणि बिऱ्हाड म्हणजे अकरा माणसे. तो आणि त्याची पत्नी, दोघे भाऊ, दोघी भावजया, चार मुले आणि द्वारकाआत्या.

द्वारकाआत्या ही त्याच्या वडिलांची बहीण. तरुणपणीच नवरा गेला म्हणून माहेरी परतली. पुढे काही वर्षांनी व्यापाऱ्याचे आईवडील गेले, तेव्हा तिन्ही पोरांना तिनेच वाढवले. व्यापारी त्या वेळी नऊ वर्षांचा होता. आई हा शब्द कानावर पडला की त्याच्या डोळ्यांसमोर आत्याच उभी राही.

व्यापारी मोठा पद्धतशीर माणूस. भांडे विकतानासुद्धा बोटाने वाजवून दाखवल्याखेरीज तो ते कागदात गुंडाळत नसे. जागेचे ठरताच त्याने वही उघडली, घरातल्या प्रत्येकाला एकेक पान दिले आणि प्रत्येकाला समोर बसवून एकच प्रश्न विचारला, "तुला तिथं काय हवं?" पत्नीने चोवीस तास पाणी मागितले. मधल्या भावाला स्टेशन जवळ हवे होते, धाकट्या भावजयीला बालवाडी हवी होती, आणि मुलांनी मैदानापासून पोहण्याच्या तलावापर्यंत इतके काही सांगितले की त्यांना जादा पाने जोडावी लागली. आत्या मात्र हसून म्हणाली, "मला रे काय लागतंय? काही नको." व्यापाऱ्याला मनातून बरेच वाटले. अकरापैकी एक माणूस तरी बिनतक्रार निघाले, असे त्याने पत्नीला बोलून दाखवले. आत्याचे पान तसेच कोरे राहिले.

मग दोन महिने सुट्टीचा वार धरून तो उपनगरे पालथी घालत राहिला. अखेर दोन जागा मनात भरल्या. आणि आता सामानाची बांधाबांध काढायची, तेवढ्यात आत्याने शांतपणे सांगून टाकले, "मी काही येत नाही. तुम्ही जा सुखानं."

"मी काय काय सांगितलं नाही तिला, गुरुजी?" व्यापारी म्हणाला. "वेगळी खोली देतो म्हटलं. दोन्हीकडं जवळच देऊळ आहे, तेही सांगितलं. तर म्हणते, देव इथंही आहेच. तिला एकटीला मागं ठेवून मी जाऊ कसा? आणि न जावं, तर बाकीच्या दहा जणांच्या पोटाचं काय?" पन्नाशीचा माणूस, पण गुरूंपुढे डोळे पुसायची त्याला लाज वाटली नाही.

गुरुजींनी वही हातात घेतली आणि एकेक पान सावकाश वाचले. शेवटी म्हणाले, "तुझ्या घरी दही कोण लावतं?"

व्यापारी बुचकळ्यात पडला. "आत्याच लावते. का बरं?"

"परवा सकाळच्या गाडीनं आपण दोघं शहरात जाऊ. येताना आत्यांकडून डबीभर विरजण घेऊन ये. कशाला म्हणून विचारलं, तर गुरुजींनी मागवलंय म्हण."

जागा बघायला दही कशाला लागते, हा प्रश्न व्यापाऱ्याच्या ओठांवर आला होता. पण गुरुजींनी एकदा सांगितले की पुन्हा विचारायचे नाही, ही पाठशाळेची शिस्त त्याच्या अंगात अजून मुरलेली होती.

ठरल्या दिवशी दोघे शहरात उतरले. पहिली जागा सुवर्णशिखर नावाच्या उपनगरात होती. सातव्या मजल्यावर शेजारी शेजारी दोन प्रशस्त घरे, दोन लिफ्ट, दिवसरात्र पाणी. व्यापारी किल्ली काढून पुढे झाला, पण गुरुजी घरात शिरलेच नाहीत. त्यांनी समोरच्या दाराची घंटी वाजवली आणि दार किलकिले होताच म्हणाले, "आम्ही समोरची जागा बघायला आलोत. घरच्या आत्याबाईंनी विरजण पाठवलंय. तुम्हाला हवंय का?" आतल्या गृहस्थाने दोघांना खालून वर न्याहाळले, "आम्ही दही विकतच आणतो," असे म्हटले आणि दार लावून घेतले. पुढची तीन दारेही तशीच लागली. व्यापाऱ्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. ज्या मजल्यावर राहायला यायचे, तिथे आपली ही अशी ओळख! खाली येईपर्यंत रखवालदारही त्यांच्याकडे संशयाने बघू लागला होता.

दुसरे उपनगर हरितबाग. तिथे एक बैठा बंगला होता, समोर शाळा, बाजूला दवाखाना. आणि माणसे तर अशी, की व्यापाऱ्याचा जीव सुपाएवढा झाला. पहिल्याच घरातल्या जोडप्याने दोघांना आत बोलावून सरबत दिले. बाई म्हणाल्या, "विरजण नको हो, आमच्याकडं सगळं आहे. पण तुम्ही या राहायला. आत्यांना अगदी काही म्हणजे काही करू देणार नाही आम्ही. इथं ज्येष्ठांसाठी मंडळ आहे, डबा घरपोच येतो, औषधं घरपोच येतात. त्यांनी नुसतं बागेत बसायचं." पुढच्या दोन घरीही तोच अनुभव आला. निघताना एकाने तर गुरुजींना गाडीने स्टँडवर सोडायची तयारी दाखवली.

बाहेर पडताच व्यापारी म्हणाला, "गुरुजी, झालं काम! यापेक्षा चांगली माणसं कुठं मिळणार?"

"माणसं फारच चांगली आहेत," गुरुजी म्हणाले. "पण विरजण आपल्याकडं तसंच आहे. तुझ्या वहीत शेवटी एक नाव आहे, त्यावर तू फुली मारलीयस. ते काय?"

"कुंभारमळा होय?" व्यापाऱ्याने कपाळाला आठ्या घातल्या. "तिथं तळमजल्याला दोन जोडघरं आहेत, जागा ऐसपैस आहे. पण लोक फार मागणारे. मी नुसतं घर बघायला गेलो, तर एकानं मला शिडी धरायला उभं केलं. दुसऱ्या बाईनं गॅसची टाकी दुसऱ्या मजल्यावर न्यायला लावली. ओळख ना पाळख! असला शेजार रोज कोण सोसणार?"

"चल, तिथं जाऊ," गुरुजी म्हणाले आणि चालूही लागले.

कुंभारमळ्यात पोचेपर्यंत उन्हे कलली होती. इमारती जुन्या आणि चारमजली. जोडघरांच्या शेजारच्या दारात सरोदेबाई नावाच्या एक बाई मेथी निवडत बसल्या होत्या. गुरुजींनी आपले ठरलेले वाक्य म्हटले. बाईंनी मान वर करून विचारले, "कोण तुम्ही? अच्छा, ही रिकामी घरं घेणारे? अन् विरजण कुणी दिलंय म्हणालात?"

"याच्या आत्यांनी."

"आणा इकडं." त्यांनी डबी उघडली, वास घेतला, बोट लावून चाखले. "आता गं बाई! कसलं सुरेख लागलंय. दिवसभर उन्हातनं आणलंत म्हणून जरा आंबलंय, एवढंच. नाहीतर आमचं दही! नुसतं पांचट पाणी. ह्या आत्या आम्हाला शिकवतील का लावायला?"

"शिकवतील," व्यापारी म्हणाला.

"कधी येणार त्या?"

पण बाईंना उत्तरासाठी थांबायला वेळ नव्हता. "आणि हो, त्यांना बाळाला न्हाऊ घालता येतं का? वरच्या मजल्यावरच्या सुनेचे दिवस भरलेत. घरात मोठं बाईमाणूस नाही, माहेरचं कुणी नाही. पोर नुसती घाबरून बसलीय. मी शिकवलं असतं, पण माझ्या लेकरांना माझ्या सासूनं न्हाऊ घातलं. मला कुठलं येतंय!"

"आमच्या आळीतली सगळी पोरं तिच्याच पायावर न्हालीत," व्यापारी म्हणाला. "मीसुद्धा."

हे बोलताना त्याचाच आवाज त्याला वेगळा लागला. आत्याबद्दल एवढी वर्षे जे माहीत होते, ते तिच्या पानावर लिहायचे त्याला सुचले नव्हते.

"मग आणा की त्यांना लवकर," सरोदेबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही उंच आहात, तेवढा माळ्यावरचा पितळी डबा काढून द्या. माझा हात पोचत नाही." व्यापाऱ्याने निमूटपणे चपला काढल्या, आत जाऊन डबा काढून दिला. सवयीने तो बोटाने वाजवूनही पाहिला.

परतीच्या गाडीला अवकाश होता. स्टँडवरच्या बाकावर बसल्यावर व्यापाऱ्याने अडचणी मोजायला सुरुवात केली. कुंभारमळ्यात पाणी दोनच वेळा येते. शाळा पंधरा मिनिटांवर आहे. स्टेशनसाठी रिक्षा करावी लागेल. पोहण्याच्या तलावाचे तर नावच नको.

"सगळं खरं आहे," गुरुजी म्हणाले. "पाण्यासाठी टाकी बसवावी लागेल, पोरांना चालावं लागेल, भावाला थोडं लवकर निघावं लागेल. ही तोशीस तू घरच्यांपासून लपवू नकोस. त्यांना स्पष्ट सांग आणि त्यांचा होकार घे. पण एक ध्यानात घे. तू अकरा जणांना एकच प्रश्न विचारलास. दहा जणांसाठी तो योग्य होता. ज्या बाईनं उभं आयुष्य दुसऱ्यांना दिलं, तिला स्वतःला काय हवं हे सांगायची सवयच नाही. तिचं पान कोरं राहिलं आणि तुला वाटलं, हिची काही गरज नाही. तिची गरज एवढीच आहे, की सकाळी कुणीतरी वाटी घेऊन दाराशी यावं. गावात तिच्या दाराशी रोज पाच माणसं येतात. तू दुकानात असतोस, तुला ती दिसत नाहीत."

व्यापाऱ्याने वही उघडून आत्याचे कोरे पान काढले.

"सुवर्णशिखरात तिला कुणी ओळखलंच नसतं," गुरुजी पुढे म्हणाले. "हरितबागेत तिला मान मिळाला असता, खुर्ची मिळाली असती, सरबत मिळालं असतं. पण तिच्याकडून घ्यायला कुणी तयार नाही. तिथं ती शेवटपर्यंत पाहुणी राहिली असती. ज्याच्यावाचून कुणाचंच काही अडत नाही, त्या माणसाचं कशातच मन लागत नाही. मागणाऱ्या शेजारावर तू फुली मारलीस, कारण तू स्वतःपुरतं पाहिलंस."

"चुकलं माझं," व्यापारी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी जेवायला बसली असताना व्यापाऱ्याने कुंभारमळ्याची हकीकत सांगितली. पाण्याचे सांगितले, शाळेचे सांगितले. पत्नीने नाक मुरडले, मुले हिरमुसली, मधल्या भावाने मनातल्या मनात रिक्षाचा हिशेब केला. तरी कुणी नाही म्हटले नाही, कारण सगळ्यांचे डोळे आत्याकडे होते. आत्या मुकाट्याने पानात ताक वाढत होती. तिला चल म्हणून व्यापारी एका शब्दाने बोलला नाही. त्याने फक्त सरोदेबाईंचे बोलणे जसेच्या तसे सांगितले आणि शेवटी वरच्या मजल्यावरच्या सुनेचे सांगितले.

आत्याचा हात थांबला. "कितवा महिना म्हणालास?"

"दिवस भरलेत म्हणे."

"पहिलटकरीण?"

"असावी. फार घाबरलीय म्हणत होत्या त्या."

"आणि घरात मोठं कुणी नाही?"

"कुणी नाही."

आत्याने ताकाचे भांडे खाली ठेवले आणि त्याच्यावर डोळे वटारले. "मग कालच का नाही सांगितलंस मेल्या? इथं पाटावर बसून गोष्टी सांगतोय! ऊठ, त्या जागेची किल्ली घेऊन ये. आणि गाडी किती वाजता आहे ते बघ."

आत्या त्याच दिवशी पुढे गेली आणि बाकीचे दहा जण सामानासकट महिन्याने गेले. तोवर कुंभारमळ्यात त्यांना कुणी नवे बिऱ्हाड म्हणून ओळखतच नव्हते. द्वारकाआत्यांच्या घरचे म्हणूनच सगळे ओळखत होते. घर हलवताना तिथे आपल्याला काय मिळेल हे जरूर पाहावे, पण आपल्यातल्या सर्वांत अबोल माणसाकडे तिथे कोण काय मागायला येईल, एवढे विचारून मगच पुढची बोलणी करावीत.