वीस भरलेल्या पाट्या

एका गावात माणसाहून पाटीला मान अधिक होता. वाचता येणारे तिथे थोडेच, म्हणून अक्षराचं अप्रूप फार. संध्याकाळी आईबाप बालवाडीच्या दारात उभे राहायचे आणि लेकराआधी त्याची पाटी हातात घ्यायचे. पाटी भरलेली असली तर मूल हुशार, कोरी असली तर बाई आळशी, असा तिथला न्याय होता.

त्या बालवाडीत एक नवी बाई आली. चार वर्षांच्या पोरांना अक्षरांच्या घाण्याला जुंपणं तिला पटेना. ती त्यांना हळद कालवायला द्यायची आणि त्यात स्वतः चिमूटभर चुना टाकायची. पिवळ्याचं लाल झालं की मुलं त्या रंगाने भिंतीवर फुलं काढायची आणि काढता काढता विचारायची, "बाई, पिवळा कुठे गेला?"

"शोधा बरं," बाई म्हणायची.

मग कुणी त्यात पाणी ओतून बघे, कुणी मीठ घालून बघे. लिंबू पिळल्यावर पिवळा परत आला, त्या दिवशी वीसही मुलांनी मिळून त्याचं गाणं रचलं.

पण संध्याकाळी पाट्या कोऱ्याच.

"पोरींचे हात पिवळे करायची एवढी काय घाई झाली हो बाई?" एक आजोबा म्हणाले, आणि सगळे हसले. लेकीला न्यायला आलेला सुतार मात्र हसला नाही. "खेळायला आमचं अंगण आहे की," तो म्हणाला. "अमावस्येपर्यंत पाट्या भरल्या नाहीत, तर मुलं पंतोजींकडे जातील."

पंतोजी नदीपलीकडे राहत, पण त्यांची छडी अलीकडच्या पोरांनाही ठाऊक होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलं जेवून झोपली, तेव्हा तिने एकेक पाटी मांडीवर घेतली आणि तिच्यावर अक्षरं काढली, मुलांच्या हातची वाटावीत अशी जरा वाकडीतिकडी. 'यांचं खरं शिकणं वाचवायचं, तर एवढं खोटं चालायचंच,' अशी तिने मनाची समजूत घातली. मग ते रोजचंच झालं.

गाव खूश झालं. कुणी बाईला ताक पाठवलं, कुणी परसातली पडवळं. अमावस्या आली आणि गेली.

एके सकाळी मुलं अंगणात शाळा-शाळा खेळत होती. सुताराची लेक बाई झाली होती. बाकीची मुलं डोळे मिटून ओळीने आडवी पडली होती आणि ती एकेकाच्या पाटीवर भराभर रेघोट्या ओढत होती.

"अगं, ही तुझी मुलं झोपली का?" बाईने हसत विचारलं.

"शाळेत मुलं झोपतात आणि बाई अभ्यास करतात," पोरगी म्हणाली. मग तोंडावर बोट ठेवून हळूच म्हणाली, "पण घरी सांगायचं नसतं."

बाईचं हसू जागच्या जागी विरलं. हळदीचा रंग का बदलतो हे शोधायला तिने शिकवलं होतं, आणि पोरं शिकली होती हे. तिला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

त्या संध्याकाळी तिने ओल्या फडक्याने वीसच्या वीस पाट्या पुसल्या आणि ती दारात उभी राहिली. "आजवरची अक्षरं माझी होती," ती म्हणाली. "मुलांनी एकही काढलेलं नाही. चूक माझी आहे, त्यांना बोलू नका."

एकच गलका झाला. लोक बाईला नाही नाही ते बोलले. भिंतीवरची फुलं दाखवायला तिने हात उचलला, पण तिकडे बघायला कुणी थांबलं नाही. खोटं बोललेल्या बाईचं खरं कोण ऐकणार?

सुतार शेवटी उरला. त्याने लेकीला भिंतीपाशी नेलं. "हे लाल कशाने झालं?"

"चुन्याने."

"का?"

पोरीने बाईकडे पाहिलं. मग तिने भिंतीवरच्या फुलावरून बोट फिरवलं. पोरगी म्हणाली, "ते अजून मला ठाऊक नाही. उद्या परत करून बघते."

सुताराने कोरी पाटी काखेत मारली आणि लेकीचं बोट धरून तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सोळा मुलं नदीपलीकडे गेली. बाई त्यांना पार वळणापर्यंत बघत राहिली. मग ती आत आली आणि सुताराच्या लेकीसह उरलेल्या चौघांसाठी हळद कालवायला बसली. त्यांच्या पाट्या पुढे बरेच दिवस कोऱ्या होत्या.

तात्पर्य: लेकराची कोरी पाटी मोठ्यांनी भरू नये, कारण अक्षर गिरवायच्या कितीतरी आधी मूल त्यांचं वागणं गिरवत असतं.