मांडीवरचे हात

अख्ख्या जिल्ह्यात कर्णबधिरांची खुणांची भाषा जाणणारी दुभाषी एकच, हेमांगी. स्वतःच्या लग्नातही भटजींचं बोलणं बहिऱ्या वडिलांना, अण्णांना, तिनंच बोहल्यावरून खुणांनी समजावलेलं. एकदा तरी हात मांडीवर ठेवून अण्णांशेजारी निवांत बसावं, एवढीच तिची आस.

कर्णबधिरांच्या मेळाव्यात पालकमंत्र्यांचं भाषण खुणांनी सांगायला ती व्यासपीठावर होती. भाषणाआधी तिनं त्यांना विनवलं, "साहेब, आणखी दुभाषे नेमा."

मंत्री खो खो हसले. "हातवारे करायला पगारी माणसं कशाला? कुणीही करेल!"

"मग आज तुम्हीच करा," म्हणत ती खाली उतरली आणि समोर बसलेल्या अण्णांशेजारी जाऊन बसली.

सगळ्या सभागृहाचे डोळे मंत्र्यांच्या हातांवर खिळले. हात वर गेले खरे, पण अधांतरीच राहिले.

अण्णांनी खुणेनं विचारलं, "काय म्हणतायत?"

हेमांगीला मांडीवरचे हात उचलावेच लागले. "दुभाषा पाहिजे म्हणतायत."