वीस पुढारी आणि एक रापण

"आठ दिवस देतो! या पोरांनी एकमेकांशी माणसासारखं वागलं पाहिजे आणि आपला म्होरक्या आपणच ठरवला पाहिजे!" सुरंगगडचे राजे भैरवराव कडाडले.

पोरं राजवाड्यातल्या शाळेतली. वीस जण, बारा-तेरा वर्षांचे. एक युवराज रणधीर आणि सरदार-मानकऱ्यांचे एकोणीस दिवटे. उद्या राज्य यांनी चालवायचं होतं. आज यांना एका सतरंजीवर बसता येत नव्हतं. युवराजाचा मित्र कोण? जो त्याचे जोडे उचलेल आणि त्याच्या फालतू विनोदाला हसेल तो! बाकीच्यांनीही तीच रीत उचलली होती.

शाळेचे गुरुजी दामोदरशास्त्री यांनी याआधी महिनाभर मैत्रीचे श्लोक घोकून घेतले होते. पोरांनी श्लोक बिनचूक म्हटले आणि म्हणता म्हणता एकमेकांच्या शेंड्या ओढल्या.

मासेमारांच्या वाडीचा प्रमुख सोमा तांडेल. त्याची लेक आवडी मुदपाकखान्यात मासळी घेऊन आली होती. तिनं खिडकीतून ही शाळा पाहिली आणि फिसकन हसली.

"हे राज्य ओढणार? यांना एक जाळं ओढता यायचं नाही!"

राजाच्या कानावर ते पडलं.

"मग तूच शिकव! ते आठ दिवस तुझे! छडी चालणार नाही, खाऊ चालणार नाही, हुकूम सोडायचा नाही. आठव्या दिवशी मी विचारीन, म्होरक्या कोण? उत्तर मिळालं नाही, तर तुमची रापण त्या किनाऱ्यावरून कायमची बंद!"

वाडीचं पोट त्या किनाऱ्यावर होतं. सोमाच्या तोंडचं पाणी पळालं.

"पोरी, जीभ आवरली असतीस तर?"

"आवरली असती, बाबा. पण खोटं काय बोलले?"

रापण म्हणजे लांबलचक जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल टाकतात आणि त्याचे दोन दोर किनाऱ्यावर आणतात. दोन्हीकडून माणसं ओढतात. दोराला हात लावील त्याला वाटा, आणि वाटा सगळ्यांना सारखा.

पहिल्या दिवशी वीसच्या वीस जण दोराच्या पुढच्या टोकाला धावले. मागं उभं राहायला कुणी तयार नाही! एक जण तर युवराजाचे जोडे हातात घेऊन उभा.

"त्या हातानं दोर कसा धरशील?" आवडीनं विचारलं.

"मी युवराजांचा मित्र आहे!"

"असं? मग खुंटी कशाला म्हणतात?"

पोरं हसली. जोडे वाळूत पडले. पण दोन दोरांवर दोन टोळ्या झाल्या आणि शर्यत लागली. उजवे जोरात, डावे मागं. जाळं वाकडं आलं. हाती लागले तीन खेकडे आणि पेंढीभर शेवाळ.

"तुमच्यामुळं!"

"तुमच्यामुळं!"

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी गुणाजी नावाच्या सगळ्यात लहान पोराचे तळवे सोलले. त्यानं दोर सोडला.

"माझ्यानं होत नाही. मी ओढणार नाही."

"भित्रा!"

"भित्रा तर भित्रा. हात माझे आहेत."

तो खडकावर जाऊन बसला. तिथून दोन्ही दोर दिसत होते. थोड्या वेळानं तो ओरडला, "उजवीकडचे, थांबा! जाळं वाकडं येतंय!"

"ओढत नाही तो आम्हाला सांगणार?" युवराजानं नाक मुरडलं. पुन्हा खेकडे!

"अगं, 'त्याचं ऐका' एवढं तरी सांग त्यांना!" सोमा कळवळला.

"हुकूम सोडायचा नाही, बाबा."

वाडीच्या म्हाताऱ्या रोज किनाऱ्यावर बसून या मर्दांना पोटभर हसत. पाचव्या दिवशी ते हसणं झोंबलं. गुणाजी ओरडला तसे उजवे थांबले. डाव्यांनी त्यांना गाठलं. जाळं सरळ आलं आणि टोपलीभर बांगडे निघाले!

वाटे पडले.

"गुणाजीनं दोराला हात लावला नाही. त्याला वाटा नाही!" कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी आवडीकडं पाहिलं. ती समुद्राकडं बघत राहिली.

युवराजानं आपले बांगडे पाहिले, गुणाजीचे तळवे पाहिले.

"तो ओरडला नसता, तर आजही खेकडेच होते," तो म्हणाला आणि त्यानं आपल्या वाट्यातले बांगडे गुणाजीपुढं ठेवले. मग एकेक करत सगळ्यांनी ठेवले.

"उद्या ओरडशील ना?" युवराजानं विचारलं.

"ऐकाल?"

"ऐकेन."

आठव्या दिवशी राजाची पालखी किनाऱ्यावर उतरली. मागं दामोदरशास्त्री, तोंड आंबट करून. जाळं अर्ध्यावर आलं होतं.

"म्होरक्या कोण? बोला!"

कुणी बोलेना. बापासमोर युवराजाला वगळून दुसऱ्याचं नाव घेण्याची छाती कुणाची? युवराज पलीकडच्या दोरावर, त्याला ऐकूच गेलं नाही.

"हरलीस, पोरी! किनारा गेला!"

"गेला तर गेला, महाराज. पण मासे कुणासाठी थांबत नाहीत, आणि डाव्या दोरावर माणूस कमी आहे."

राजाला आपल्या दंडांचा मोठा गर्व. "राजाचा हात काय असतो ते बघा!" म्हणत त्यानं डावा दोर धरला आणि रेड्यासारखा ओढत सुटला.

"डावीकडचे, थांबा!" खडकावरून आवाज आला.

राजा थांबला.

"उजवे, ओढा! आता दोन्हीकडून!"

राजानं दात-ओठ खाऊन ओढलं. जाळं वाळूवर आलं. बांगड्यांचा ढीग तडफडू लागला!

"महाराज, मघाशी का थांबलात?" आवडीनं विचारलं.

"थांबलो नसतो तर जाळं वाकडं झालं असतं!"

"हे तुम्हाला दिसत होतं?"

"मला कुठून दिसणार? तो खडकावरचा पोरगा ओरडला."

"त्याच्या हातात छडी होती?"

"नव्हती."

"त्यानं खाऊ दिला?"

"मला? खाऊ?"

"मग सुरंगगडचे राजे ज्याच्या एका शब्दावर थांबले, तो कोण, हे या लेकरांना कशाला विचारता?"

राजानं खडकाकडं पाहिलं. स्वतःच्या लाल झालेल्या तळव्यांकडं पाहिलं. आणि असा गडगडून हसला की किनाऱ्यावरचे बगळे उडाले!

"किनारा वाडीचा, पिढ्यान् पिढ्या!" त्यानं मनगटातलं सोन्याचं कडं काढून आवडीच्या हातात ठेवलं. "आणि उद्यापासून राजवाड्यातल्या शाळेत तू शिकवायचंस!"

"राजवाड्यात समुद्र कुठंय, महाराज? शाळाच इकडं धाडा."

"धाडतो!" राजा पोट धरून हसत म्हणाला. "शास्त्र्यांसकट धाडतो!"